दानम्माचं लांबलेलं दुखणं

गर्भाच्या पिशवीच्या ऑपरेशनला साडेतीन महिने होऊन गेले, तरी दानम्माच्या ओटीपोटात डाव्या अंगाला दुखायचं थांबलं नव्हतं. वरचे टाके केव्हाच सुकले होते. काळपट रेघ तेवढी उरली होती. पण भाकरी थापायला बसलं की आत कुणीतरी चिमटा घेतल्यागत व्हायचं, आणि शिंक आली तर दोन्ही हातांनी पोट धरून भिंतीला टेकावं लागायचं. घरात याचा कुणाला पत्ता नव्हता. कुणी विचारलंच तर "बरं हाय की आता, झालं ते झालं," असं ठसक्यात सांगून ती कामाला लागायची.

शुक्रवार पेठेतल्या त्या घरातली ती थोरली सून. नवऱ्याचं, शिवलिंगांचं, लक्ष्मीपुरीत भुसारी दुकान. तीन बाळंतपणं झाली, पण एकदाही तिनं सव्वा महिना पुरा झोपून काढला नव्हता. कामाला वाघीण आणि तोंडानं फटकळ, अशी तिची गल्लीत ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्या ख्यातीची थोडी घमेंडही होती. आता दुखतं म्हणायचं म्हणजे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी गल्लीच्या तोंडाच्या चावीवर, म्हणजे सार्वजनिक नळावर, पाण्याला बायकांची रांग लागली होती. लेक विमला कॉलेजला गेलेली, म्हणून दानम्माच घागर घेऊन आली होती. अंग जरा चोरूनच चालत होती. शेजारच्या चिमणाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"दानाक्का, अजून वाकडं का चालाय लागलाय?" चिमणाबाई हसत म्हणाली. "तुमीच म्हटला हुता न्हवं, पिशवी काढलीया, हाडं न्हाईत काढली!"

बायका खदाखदा हसल्या. चिमणाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. गल्लीत तो विनोद जुनाच होता. कुणी कामाला कंटाळलं की बायका एकमेकींना तेच ऐकवायच्या. दानम्माही हसली. हसता हसता तिनं भरलेली घागर उचलून कमरेवर घेतली आणि ताठ मानेनं निघाली. घराच्या तिसऱ्या पायरीवर आत असं काही ओढलं गेलं की डोळ्यांपुढं अंधारी आली. घागर हातातून सुटून खणखणत खाली गेली आणि ती तिथंच पाण्यात बसली.

"पाय घसरला," धावत आलेल्या चिमणाबाईला तिनं सांगितलं.

पण दुखण्यापेक्षा तिला जास्त लागलं होतं ते तिचं स्वतःचं वाक्य. ते तिनं म्हटलं होतं धाकट्या जावेला, चन्नम्माला. तीन वर्षांमागं चन्नम्माचीही पिशवी काढली होती. तेव्हा दोघी एकाच घरात होत्या. दोन महिने झाले तरी चन्नम्मा जड काही उचलेना, दुपारी आडवी व्हायची, पोटाला गरम पाण्याची बाटली लावून कण्हायची. सगळं काम दानम्मावर पडलं होतं, ती चिडली होती. आणि एका सकाळी त्याच चावीवर, अशाच भरल्या रांगेत, तिनं ते म्हटलं होतं. सगळ्या हसल्या होत्या. चन्नम्मानं घागर भरली, उचलली आणि घरात नेली. पुढं रोजच नेली. वर्षभरानं तिचा नवरा सिद्धलिंग साखर कारखान्यात ऊस वजनाच्या काट्यावर कारकून लागला आणि दोघं कसबा बावड्याला वेगळी राहायला गेली. सणासुदीला भेट व्हायची, तीही वरवरची.

दोन दिवस दानम्मानं कशीबशी कामं उरकली. तिसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर तिनं लुगडं बदललं, विभूती लावली आणि बावड्याची बस धरली. बस खड्ड्यातून गेली की ती पुढच्या बाकाची दांडी आवळून धरायची. सगळ्या वाटेनं तिनं काय बोलायचं ते जुळवलं, आणि चन्नम्माच्या दारात पोचल्यावर त्यातलं काहीएक आठवेना.

चन्नम्मा अंगणात शेंगा फोडत होती. थोरल्या जावेला बघून ती उठली, पदर घेतला, पाया पडली. "या अक्का. एकट्याच?"

"व्हय. सहज आलो."

दानम्मा जोत्यावर टेकताना "यव्वा गं" म्हणाली, आणि तिचा हात आपोआप डाव्या कुशीला गेला. चन्नम्मानं ते पाहिलं. पाणी दिलं, गूळ दिला, पुन्हा शेंगा फोडायला बसली. मग मान वर न करताच म्हणाली, "दुखतंय अजून."

दानम्माच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लई दुखतंय, चन्ना. कुणाला सांगाय येत न्हाई. तुला म्या त्या दिवशी चावीवर बोललो, ते..."

"थांबा," चन्नम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माफी मागाय आलाय, का औषध इचाराय?"

दानम्माला खोटं बोलवेना. "निघालो तवा औषधच मनात हुतं," ती खालच्या मानेनं म्हणाली. "दुखलं नसतं तर आलोच नसतो."

चन्नम्मानं हातातली शेंग फोडून सूप बाजूला सारलं.

"त्या दिवशी घागर नेली न्हवं म्या, दुपारी पुन्यांदा अंगावर रगात गेलं. चार दिवस जात हुतं. ताप बी आला. तुमी म्हटला, ऊन लागलं असंल. मी बी व्हय म्हटलं. परत हसतील म्हणून ह्यांना सुदीक सांगितलं न्हाई. दीड वरीस लागलं मला बरं व्हायला, अक्का. वेगळं का झाला म्हणून मामंजी इचारायचे. कारखाना लांब पडतो, म्हणून सांगितलं."

दानम्माला वाटलं, जोत्याखालची जमीन दुभंगावी. ताप आला होता हे तिला आठवत होतं. तापातही तिनं चन्नम्माला दळण निवडायला बसवलं होतं, हेही आठवलं. ते चन्नम्मा बोलली नाही, म्हणून जास्तच आठवलं.

"मी पापीण हाय," ती कशीबशी म्हणाली.

"रडू नका. रडला की टाक्यावर ताण येतो." चन्नम्मा उठली. "चला. मला बरं केलं ती डॉक्टरीण शाहूपुरीत हाय. बाई हाय, सांगाय लाज न्हाई वाटत."

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, जाड चष्म्याच्या. दानम्मा तपासणीच्या टेबलावर चढली तेव्हाही "थोडंसंच दुखतंय" म्हणायला लागली. चन्नम्मा पडद्याबाहेरून म्हणाली, "खरं सांगा, अक्का." मग तिनं सगळं सांगितलं: कुठं, कसं, केव्हापासून, नवऱ्याला महिनाभर काय काय निमित्तं सांगून लांब ठेवलं, तेसुद्धा. सांगताना तिचे कान तापले होते.

"आत एका टाक्याभोवती गाठ धरलीय," तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पू झालाय थोडा. वरचं कातडं भरलं म्हणजे आतलं भरलं, असं नसतं बाई. घागर कशाला उचललीत? आणि इतके दिवस सांगितलं का नाही?"

दानम्मा लुगडं सावरत टेबलावरून उतरली.

दहा इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, दोन महिने वजन उचलायला बंदी झाली. घरी आल्यावर तिनं शिवलिंगांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते अवघडून ऐकत होते, मधेच टोपी काढून परत घालत होते. "मला का न्हाई सांगितलंस?" एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून तेच चावीवर जाऊ लागले. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. थोरल्या घरची सून निजलेली आणि मालक पाणी भरतोय! दानम्माला आत झोपून ते ऐकू यायचं आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ती उठली नाही. उठली असती तर चन्नम्मानं दीड वर्ष काय सोसलं, ते तिला कळलं म्हणता आलं नसतं.

चिमणाबाई एकदा बघायला आली तेव्हा मात्र दानम्मानं तिला चन्नम्माच्या तापाची सगळी हकिगत सांगितली. काही लपवलं नाही, तापात तिला दळण निवडायला बसवल्याचंही नाही. चिमणाबाई चहा अर्धाच ठेवून गेली.

इंजेक्शनांचे दहाही दिवस चन्नम्मा बावड्याहून येत होती. दवाखान्याच्या दारात भेटायची, आत सोबत बसायची, आणि झालं की बसला निघायची. "घरला चल की," दानम्मा रोज म्हणायची. "आज नगं, अक्का," ती रोज म्हणायची. शेवटच्या दिवशीही तेच म्हणाली.

दुखणं उन्हाळा सरता सरता बरंच उतरलं. आभाळ आलं की डावी कूस अजून ठसठसते, पण आता दानम्मा तसं चारचौघांत सांगते. गौरीला चन्नम्मा शुक्रवार पेठेत आली, दोन दिवस राहिली. दोघींनी मिळून स्वयंपाक केला, बोलणं फारसं झालं नाही. ती निघाली तेव्हा तिची पिशवी उचलून द्यायला दानम्मा वाकली. चन्नम्मानं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. जड हाय."

पाठमोरी धाकटी जाऊ गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईस्तोवर दानम्मा दारात उभी राहिली. मान वर करून बघायचं धाडस काही तिला झालं नाही. ती नुसती चन्नम्माच्या पावलांकडं बघत होती.