अँब्रोज आजोबांची ओडी

मित्रांनो, माझ्या डोक्यावर आजवर किती फोन बसून गेले ते मी कधी मोजले नाही. काही इतके पातळ की त्यांचे ओझेसुद्धा जाणवले नाही, काही विटेसारखे जड. ते आले, चार दिवस मिरवले आणि खोक्यात बसून परत गेले. मी मात्र जिथल्या तिथे आहे. मी एक जुनी तिपाई आहे. चित्र घेताना कॅमेरा हलू नये म्हणून तीन पायांच्या ज्या घोडीवर तो बसवतात, तीच मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथले आता तेलाचा वास आणि नळ्या कापणाऱ्या यंत्राची किंचाळी एवढेच आठवते. पुढची कित्येक वर्षे मी गँडर गावच्या एका छायाचित्रकाराजवळ काढली. शाळाशाळांतून आम्ही हिंडायचो. ओले केस चापून बसवलेली मुले माझ्यासमोर एकामागून एक बसत आणि दात पडलेला असला की ओठ मिटून हसत. ते माझे तरुणपणीचे दिवस. मग तो म्हातारा झाला आणि त्याने अंगणात सामान मांडून विकायला काढले. तिथे लॉरेटा टिझर्डने मला उचलले.

"एक पाय ढिला आहे हं तिचा," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"असू दे. माझे तरी दोन्ही गुडघे कुठे धड आहेत!" असे म्हणून लॉरेटाने मला गाडीत टाकले.

लॉरेटा पूर्वी टोरंटोला वर्तमानपत्रात काम करीत असे. नवे फोन, नवे व्हिडिओ गेम, नवे टीव्ही यांच्याबद्दल लिहिणे हा तिचा धंदा. आई गेल्यावर ती कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर आपल्या गावी, स्किफ कोव्हला परत आली, कारण घरात वडील एकटे होते. गावी आल्यावर तिने स्वतःचा चॅनेल सुरू केला. तिचे म्हणणे सरळ होते. फोन किती वेगवान आहे हे शहरातले लोक सांगतातच. पण ओल्या हातमोज्यांनी तो उचलता येतो का, खारे पाणी उडाले तर टिकतो का, दाट धुक्यात धक्क्यावरचा माणूस त्यात ओळखू येतो का, हे आमच्या माणसांना कोण सांगणार? ते ती सांगे, आणि तिचा फोन मी धरून ठेवी.

तिचे वडील म्हणजे अँब्रोज आजोबा. उभा जन्म त्यांनी कॉड मासे धरण्यात आणि होड्या बांधण्यात घालवला होता. आता स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या लांब बाकावर ते पडलेले असत आणि तिथूनच सगळ्या गावावर नजर ठेवत. एकदा लॉरेटाने त्यांना मासेमारीचा व्हिडिओ गेम खेळायला बसवले. ते सगळे थेट प्रक्षेपणात चालले होते. गळ टाकल्याबरोबर मोठा मासा लागला, तसे आजोबांनी हातातले यंत्र बाजूला ठेवून दिले.

"लबाडी आहे," ते म्हणाले. "मासा असा आपणहून येतो ओय? थंडीत कुडकुडलो नाही, शिव्या घातल्या नाहीत, आणि मासा?"

लोकांना आजोबा फार आवडले. त्यांच्या गावची बोली ऐकायला तर दुरून दुरून माणसे चॅनेलवर येत. स्किफ कोव्हमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गाळून टाकतात, आणि जिथे नसतो तिथे कधीकधी खुशाल लावतात. 'होडी'ची 'ओडी' होते आणि 'अंड्या'चे 'हंडे'. प्रत्येक नवा फोन आला की आजोबा त्याला विचारत, "आज अवा कशी आहे?" आणि फोन गोड आवाजात उत्तर देई, "अवा नावाची व्यक्ती तुमच्या यादीत नाही."

"एवढा महागामोलाचा, आणि ठार बहिरा," आजोबा म्हणत.

मित्रांनो, असे हसते घर मी त्याआधी पाहिले नव्हते.

मग एका मार्च महिन्यात, खाडीत समुद्राचे बर्फ भरलेले असताना, आजोबांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. त्यांना सेंट जॉन्स शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. घर बंद राहिले. मी अंधारात उभी होते. ते परत आले तेव्हा खाडी मोकळी झाली होती, पण आजोबांचा उजवा हात लोंबत होता आणि तोंडाची एक बाजू खाली ओढल्यासारखी झाली होती. ज्यांच्या बोलण्यासाठी लोक ताटकळत, ते आजोबा आता बोलतच नव्हते.

त्या गावात कुणी दार वाजवत नाही. मागच्या दाराने सरळ आत येतात. तशी माणसे येऊ लागली. पण कुणी आले की आजोबा भिंतीकडे तोंड करून पडत. त्यांचे शब्द अडत, जीभ जड पडे, आणि ते कुणाच्या कानावर पडू नये असे त्यांना वाटे. हळूहळू माणसे यायची कमी झाली.

बोलण्याचा सराव करून घेणारी एक शिक्षिका दूरच्या शहरातून फोनवर दिसे. भली मुलगी होती. रोजच्या सरावासाठी तिने एक ॲप दिले. त्यात चित्र दिसे. आजोबांनी शब्द उच्चारायचा. बरोबर आला तर हिरवी खूण, चुकला तर लाल अक्षरांत 'पुन्हा प्रयत्न करा'. लॉरेटाने तो फोन माझ्या डोक्यावर बसवला आणि मला आजोबांच्या समोर उभे केले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत कठीण काम होते.

"मा...सा," आजोबा म्हणत. पुष्कळ दिवसांनी त्यावर हिरवी खूण आली. 'पाव' आला. 'दार' आले. लॉरेटा टाळ्या वाजवी. पण मग होडीचे चित्र येई.

"ओ...डी."

पुन्हा प्रयत्न करा.

"ओडी."

पुन्हा प्रयत्न करा.

"बाबा, नीट म्हणा ना," लॉरेटा शेजारून म्हणे. "हो. हो-डी. ओठ असे करा."

टोरंटोला असताना लॉरेटाने स्वतःची बोली घासूनपुसून साफ केली होती. तिथे लोक तिच्या बोलण्याला हसत, म्हणून. आता तिच्या तोंडात प्रत्येक 'ह' आपापल्या जागी बसलेला असे. यंत्र म्हणते ते चूक असू शकेल, असा विचार तिच्या मनाला शिवलाच नाही. वडिलांना बरे करण्याची तिला इतकी घाई झाली होती.

आजोबा रोज थोडे अधिक खचत गेले. ज्या माणसाने स्वतःच्या हातांनी होड्या बांधल्या, त्याला होडी म्हणता येत नाही, असे एक यंत्र त्याला रोज सकाळी सांगत होते. एके दिवशी लाल अक्षरे उमटली, आणि आजोबांनी डाव्या हाताने मला जोरात ढकलले. मी फरशीवर आपटले. फोनची काच तडकली. माझा ढिला पाय वाकून सांध्यातून निखळला.

लॉरेटाने मला उचलून चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवले, आणि अंगणात जाऊन बराच वेळ उभी राहिली. आजोबांचे डोळे भरून आले होते. त्यांना माझी दया आली असावी, असे मला वाटते; किंवा स्वतःची.

त्या कोपऱ्यात माझ्यावर राख बसू लागली. तडकलेला फोन आता काकवीच्या डब्याला टेकवून ठेवीत. सराव चालूच होता, कारण लॉरेटाला दुसरा मार्ग दिसत नव्हता.

मग एका सकाळी शेजारच्या फिलोमिनाबाई आल्या. दोन घरे सोडून त्या राहत. आजोबा तोंड फिरवतात म्हणून त्यांनी येणे थांबवले होते, पण त्या दिवशी त्यांनी पाव भाजला होता आणि गरम पाव घरात ठेवून बसणे त्यांना जमेना. मागच्या दारात वाकून त्या बूट काढीत होत्या. तिथून स्वयंपाकघर दिसत नाही. इकडे आजोबांच्या समोर होडीचे चित्र होते.

"ओडी," आजोबा म्हणाले.

पुन्हा प्रयत्न करा.

"ओ...डी."

"कुणाची ओडी रे?" फिलोमिनाबाई बाहेरून ओरडल्या. "पलीकडच्या गिल्बर्टची? ती त्यानं कालच काठावर ओढून घेतली. वारा ईशान्येचा सुटलाय ना!"

आजोबांनी मान वळवली. भिंतीकडे नाही, दाराकडे.

"तळ... फुटलाय?" त्यांनी विचारले.

"फुटलाय नाही तर काय! तू आधीच सांगितलं ओतंस त्याला. नवी बांध म्हणावं." पाव कडेवर घेऊन त्या आत आल्या आणि लॉरेटाचा चेहरा पाहून थबकल्या. "काय गं? भूत पाहिलंस?"

"मावशी, बाबा काय म्हणाले ते तुम्हाला कळलं?"

"न कळायला काय झालं? ओडी म्हणाला."

"पण फोन म्हणतो चूक आहे."

"फोनचा बाप गेला ओता का कधी ओडीतून?" फिलोमिनाबाईंनी पाव टेबलावर आपटला. "ओडीला ओडी नाही तर काय म्हणायचं, बये? तुझी आईसुद्धा ओडीच म्हणायची. तूही म्हणायचीस, तिकडे जाऊन शहाणी ओईपर्यंत."

लॉरेटा खाली बसली. तिने आजोबांचा लुळा हात आपल्या हातात घेतला.

"बाबा, म्हणजे तुम्हाला येत होतं. तुम्ही केव्हापासून बरोबर म्हणत होता, आणि मी... मी पण तुम्हाला चूक म्हणत राहिले."

आजोबांना हसायचे होते. त्यांचे अर्धेच तोंड हसले. "मी... धडधाकट ओतो," ते एकेक शब्द शोधत म्हणाले, "तेव्हा तरी... त्याला कुठं... कळत ओतं?"

फिलोमिनाबाई हसल्या, मग लॉरेटा हसली आणि हसता हसता रडू लागली. चुलीमागच्या राखेत पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकला. त्या घराचा तो जुना आवाज होता.

लॉरेटाने त्याच दिवशी शिक्षिकेला सगळे सांगितले. ती मुलगी म्हणाली, "ते ॲप बंद ठेवा. गावातली माणसं आहेत ना? त्यांनाच येऊ द्या. गप्पा हाच सराव. फक्त एक करा, त्यांना घाई करू नका."

याविषयी चॅनेलवर बोलायलाच हवे, असे लॉरेटाच्या मनाने घेतले. असे यंत्र आणखी कितीतरी घरांत कितीतरी माणसांना रोज चूक म्हणत असेल. पण आजोबांना लोकांपुढे आणायची तिची तयारी नव्हती.

"मी एकटीच बोलेन, बाबा. तुम्हाला दाखवणार नाही."

आजोबांनी डाव्या हाताने तोंडाची वाकडी बाजू चाचपली. "दाखव," ते म्हणाले. "वाकडं तोंड... वाकडंच दाखव. त्या फोनसारखं... गुळगुळीत नको करू."

"नक्की?"

"ओ. पण आधी तिला... ठीक कर." आणि त्यांनी डाव्या हाताने चुलीमागे माझ्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, ती दुपार मी कधी विसरणार नाही. आजोबांनी जाळे विणायचा डांबर लावलेला दोरा आणायला सांगितला. माझा पाय त्यांनी गुडघ्यांत धरला. डावा हात त्यांचा, उजवा हात लॉरेटाचा, अशी ती दोघे दोर गुंडाळत बसली. "वरून नाही... खालून. ओढ. अजून." लॉरेटाचा वेढा चुके, आजोबा उलगडून पुन्हा घालायला लावीत, आणि या खेपेला चुकणारी लेक होती म्हणून आजोबा फार खुशीत होते. ती गाठ आजही सुटलेली नाही.

मग मी उभी राहिले आणि आजोबा कॅमेऱ्यासमोर बसले. ॲपने सगळ्यांच्या देखत त्यांना चूक म्हटले, आणि फिलोमिनाबाईंनी सगळ्यांच्या देखत त्यांच्याशी गप्पा मारल्या. लॉरेटा शेवटी एवढेच म्हणाली की वस्तू चांगली की वाईट हे मी इतकी वर्षे सांगत आले. ही वस्तू हुशार आहे, पण तिने माझ्या वडिलांसारखी माणसे कधी ऐकलेलीच नाहीत, आणि तिच्या नादाने मीही त्यांना ऐकायचे सोडले. दूरदूरच्या माणसांची पत्रे आली. कुणाची आजी, कुणाचा भाऊ, कुणी स्वतःच यंत्रापुढे असेच चूक ठरले होते. ॲप करणाऱ्यांचेही उत्तर आले. ते फार गोड होते, आणि त्यात काहीच नव्हते.

आजोबा पूर्वीसारखे झाले का, असे तुम्ही विचाराल. नाही झाले. काही शब्द अजून त्यांच्यापासून लपून बसतात. पण मागचे दार पुन्हा वाजायला लागले, म्हणजे न वाजता उघडायला लागले. परवा संध्याकाळी स्वयंपाकघर माणसांनी भरले होते. आजोबांनी चहाचा कप हातात घेतला आणि बोलायला तोंड उघडले. "सा..." पुढचे येईना. सगळे गप्प झाले. लॉरेटाच्या ओठांवर शब्द आला होता, तेवढ्यात फिलोमिनाबाईंनी तिचे मनगट दाबले. चुलीवरची किटली उकळून शिट्टी वाजवू लागली, तरी कुणी उठले नाही. आजोबांच्या कपाळावर घाम आला.

"सा... साखर," ते म्हणाले. "साखर कुठाय माझ्या चहात?"

"एवढंच ओय रे! मला वाटलं मृत्युपत्र सांगतोस!" फिलोमिनाबाई म्हणाल्या, आणि हशा असा उसळला की मी तिन्ही पायांवर थरथरले. सगळ्यांत मोठ्याने आजोबाच हसत होते.

मित्रांनो, लॉरेटाकडे आता नवी तिपाई आली आहे. ती माणसाच्या मागे आपोआप मान वळवते. मला त्याचे वाईट वाटत नाही. मी चुलीजवळ उभी असते, आणि आजोबांची टोपी माझ्या डोक्यावर असते. तुमच्याकडे मी एकच मागते. नवी यंत्रे जरूर घ्या, त्यांच्याशी खेळा, बोला. पण घरात कुणी बोलताना अडखळले, कुणाचा शब्द तुमच्या शब्दासारखा नसला, तर त्याला घाईने दुरुस्त करू नका. त्याच्या समोर जरा स्थिर उभे राहा. मी जन्मभर तेवढेच करत आले. कंटाळा येईल, किटली ओरडेल. येऊ द्या, ओरडू द्या. त्या माणसाचा शब्द वाटेत असतो.