एकाच बाजूचा दात

एक होता शिंपी, एक होती त्याची शाळकरी लेक, एक होती दात सरळ करणारी डॉक्टरीणबाई आणि एक होतो मी, प्लास्टरचा जबडा. आता तोंड मिळालंय म्हटल्यावर मी बोलणारच की!

मी त्या लेकीच्या तोंडाची हुबेहूब नक्कल. तिच्या तोंडात गारगार लगदा भरून ठसा घेतला, त्यात दोनदा प्लास्टर ओतलं आणि जन्मलो आम्ही जुळे भाऊ. पोरीच्या वरच्या दातांत उजवीकडे ही दाटी! पुढचे दात बिचारे डावीकडे ढकललेले. घास चावायला जावं तर गालच चावला जायचा. तारा लावायच्या, पण आधी दात काढून जागा करायची. किती काढायचे, यावरच घोडं अडलं.

"उजवीकडचा एकच काढू," बाई म्हणाल्या.

शिंपी उसळला, "एकच? अहो बाई, मी एक बाही आखूड शिवली तर गिऱ्हाईक दुकानात उभं राहील का? दोन्हीकडचे काढा, सारखं दिसू द्या!"

"बाबा, दात आहे तो, कापड नाही!" लेकीचे डोळे भरून आले. डावीकडचा तिचा दात चांगला धडधाकट. एकदा गेला की गेला.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. बारीक करवत घेऊन भावाचे दोन दात कापले, माझा एक. मग पुढचे दात सुटे करून मेणात नव्याने बसवले. करवत जवळ आली तेव्हा मी डोळे मिटले असते, पण असायला तर हवेत!

भावाचे दात दोन्हीकडून आत गेले, पण वाकडे ते वाकडेच. माझे मात्र सरकत सरकत ऐन मधोमध आले.

शिंप्याने आम्हाला उजेडात धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरेच्चा! गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला तर मीसुद्धा त्याच खांद्यात पॅड घालतो की!"

"मग माझा डावा दात राहिला?"

"राहिला गं माझे बाई!"

उजवा दात निघाला, तारा चढल्या, पोरगी उंच झाली, ताराही उतरल्या. मी आता कपाटात असतो, माझं मेण पिवळं पडलंय. कुणाचा दात काढायचं ठरलं तर आधी आम्हाला कापून बघा हो, आम्हाला मेलं काही दुखत नाही.

काल बापलेक आले होते. लेकीने सफरचंदाचा कचकन लचका तोडला आणि उरलेलं बापापुढे धरलं. शिंप्याने लचक्यावरून बोट फिरवलं.

"सरळ आलाय गं!" म्हणाला, आणि तिथूनच पुढे खायला लागला.