गाडीची ओढ

दादा खुर्चीतून उठताना पडला. आयुष्यभर घाटात ट्रक चालवलेल्या माणसाला हे सांगायला जड जायचं, म्हणून भेटायला येणाऱ्यांना तो नुसतंच "पाठ गेली" म्हणायचा. डॉक्टरांनी आडवं राहायला सांगितलं होतं. कधीपर्यंत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

त्याचा पलंग खिडकीला लावला होता. खिडकीतून अंगण दिसायचं आणि अंगणात गाडी. गाडी जुनी, फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे हवं तेव्हा चारही चाकं इंजिनला जोडता येणारी, पाठीवर पाण्याची टाकी. दगडखाणीच्या वरच्या वस्तीला पाणी पोचवायचं काम आता त्याची बायको करत होती. ती निघाली की तो कान देऊन ऐकायचा आणि गिअर चुकला की उशीवर डोकं आपटायचा. तेवढंच त्याला हलवता येत होतं.

गाडीत एक खोट होती, ती त्यानंच घातलेली. तरुणपणी त्यानं तिच्या चाकं फिरवणाऱ्या गिअरला वेगाचे दात बसवून घेतले होते. सपाटीवर ती अशी पळायची की भल्याभल्यांना मागे टाकायची. चढावर मात्र दम सोडायची. तो खालूनच वेग घेऊन चढ मारायचा. बायकोला भरलेली टाकी घेऊन वळणावर वेग घेणं मान्य नव्हतं.

"वन्सं, हिचे दात बदला," ती नणंदेला म्हणाली. "पळाली नाही तरी चालेल. ओढली पाहिजे."

नणंदेचं स्वतःचं गॅरेज होतं. भावजय हाक मारायची ते ऐकून गिऱ्हाइकंसुद्धा तिला वन्सं म्हणू लागली होती, मिशीवालेसुद्धा. तिनं गाडीखाली वाकून पाहिलं.

"हे दात चाकांच्या मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्यात असतात. मागचा आणि पुढचा, दोन्ही गोळे बदलावे लागतील, वहिनी. एकच बदलला तर चारही चाकं जोडल्यावर पुढची एक म्हणतील, मागची दुसरं, आणि मधल्यामध्ये काहीतरी तुटेल."

"काही नको बदलायला," खिडकीतून आवाज आला. "मी उठल्यावर बघू."

दोघींनी ऐकलं आणि भंगारवाल्याला निरोप पाठवला.

माल लगेच आला. भंगारवाल्याकडून काही लगेच आलं म्हणजे शंका घ्यायची असते, पण वन्संच्या डोक्यात त्या वेळी जॅक कुठे लावायचा हे चाललं होतं. त्यांनी मागची बाजू उचलली, तेल काढलं, दोन्हीकडचे अॅक्सल ओढून बाहेर घेतले, इंजिनकडून येणारा प्रोपेलर शाफ्टचा दांडा सोडवला. डिफरन्शियलचा गोळा उतरवताना वहिनीच्या पोटावर येता येता राहिला. "सावकाश," खिडकी म्हणाली. "सावकाशच घेतोय," पोट म्हणालं.

जुना गोळा आणि नवा गोळा ताडपत्रीवर शेजारी ठेवले. वन्संनी नव्याचा पिनियन, म्हणजे तोंडाशी असलेलं लहान दातेरी चाक, हातानं फिरवून दात मोजले. मग जुन्याचे मोजले. मग पुन्हा नव्याचे. मग तिनं चिंध्यांनी हात पुसले आणि ती घरात गेली.

"दादा, भंगारवाल्याला फोन केला होतास?"

"कुठल्या?"

"आपल्याला एकच माहीत आहे."

दादानं छताकडे पाहिलं. "त्याची तब्येत विचारायला केला होता."

"आणि त्याच दातांचा माल पाठवायला सांगितलास. म्हणजे आम्ही दिवसभर घाम गाळायचा आणि गाडी होती तशीच राहायची."

"गाडी काय वाईट होती?"

बोलता बोलता त्याचा आवाज घसरला. "एकदा ते दात बदलले की कोण परत बदलतं? म्हणजे तुम्ही ठरवलंच की मी आता उठत नाही."

दारात वहिनी उभी होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत तेलाचा पट्टा.

"अहो, मागच्या आठवड्यात चढावर गाडी मागे घसरत आली," ती म्हणाली. "खाणीच्या वळणावर. टाकी भरलेली. दोन्ही ब्रेक लावून बसून राहिले, खाणीतली माणसं येईपर्यंत. ब्रेकवरचा पाय उचलता येत नव्हता."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होतात?"

हे तिनं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, त्यामुळे जास्तच लागलं. दादानं मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "चाकाला दगड लावला होतास?"

"लावणार कोण? मी ब्रेकवर."

"हं." त्यानं उशीखालून फोन काढला आणि दोघींसमोर भंगारवाल्याला लावला. "अरे, पहिल्यांदा मागितले होते तेच पाठव. हो, ओढीचे. पुढचा पण. नाही, मला वेड लागलेलं नाही. लागलं होतं."

बरोबर माल यायला नेहमीसारखा उशीर झाला. बसवताना वन्संनी दातांना रंग लावून ते एकमेकांवर कुठे टेकतात ते पाहिलं, पातळ चकत्या घालून दातांमधली सैल जागा जुळवली. दादानं पलंग खिडकीच्या आणखी जवळ सरकवून घेतला. "फिरव बघू," तो म्हणायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि "जरा घट्ट आहे" म्हणायचा. वन्संनी दोनदा त्याचं ऐकलं. तिसऱ्यांदा काहीच न करता ती म्हणाली, "आता?" "आता बरोबर," दादा म्हणाला.

पहिल्या खेपेला तो गाडीत आला. कमरेला पट्टा, सीट मागे पाडलेली. निजल्या निजल्या त्याला झाडांचे फक्त शेंडे दिसत होते. खाणीच्या वळणावर बायकोनं चारही चाकं जोडली आणि गाडी जिना चढल्यासारखी शांतपणे वर गेली. मागे येणं तर सोडाच, थांबायचंही तिच्या मनात आलं नाही. दादा काहीही बोलला नाही. सबंध चढावर काहीही न बोलण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

वस्तीवर बादल्या घेऊन एक बाई पुढे आली. तिनं गाडीच्या खिडकीतून आत डोकावलं.

"हे कोण निजलंय?"

"आमचे हे," वहिनी टाकीची तोटी सोडत म्हणाली.

"आजारी आहेत?"

"पाठ गेलीय."

"हात आहेत ना?" बाई म्हणाली आणि तिनं खिडकीतून टाकीची नळी आत दिली. "धरा. आणि तोंड बाहेर, बादलीकडे धरा."

दादानं धरली. पाणी आलं, पहिली बादली भरली, रांग पुढे सरकली.