दार उघडलं की मी गप्प

मी गुत्त्यातला पियानो बोलतोय. मला शेवटपर्यंत बोलू द्याल, एवढी अट आधीच घालतो. कारण आजवर ते भाग्य माझ्या वाट्याला आलेलं नाही.

माझा जन्म शिकागोच्या कारखान्यातला. कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाईन, रविवारी घरची माणसं भोवती जमतील, असं वाटलं होतं. नशिबाने आणून टाकलं ॲरिझोनाच्या धुळीत, टूसॉनजवळ सिनेमासाठी उभारलेल्या एका खोट्या गावात. इथे काउबॉयचे सिनेमे निघायचे. माझी नेमणूक तिथल्या गुत्त्यात, जिन्याखाली झाली.

त्या सिनेमांची रीतच विचित्र. गुत्त्यात पत्ते रंगलेत, मी मजेत वाजतोय, तेवढ्यात झुलतं दार ढकलून परका माणूस आत येतो. झालं! माझी बोलती बंद. सगळ्यांच्या माना दाराकडे. तो टाचा वाजवत येतो, दारू मागतो आणि तीही धड पीत नाही. मग काळ्या टोपीवाला काहीतरी वाकडं बोलतो. गुत्तेवाला आधी भिंतीवरचा आरसा उतरवतो आणि नंतर स्वतःचा जीव वाचवतो. मारामारीत एक जण वरच्या कठड्यावरून पडायलाच हवा. शेवटी नायक घोड्यावर बसून मावळतीकडे निघून जातो. जा बाबा, सुखी राहा! पण माझं गाणं मध्येच तोडलंस, त्याचं काय?

माझ्यावर वाजवायला बसायचा युसेबियो ब्राकामोंते. पोट जरा सुटलेलं, पण बोटं लोण्यासारखी. त्याचं काम एकच: वाजवायचं आणि दार उघडलं की थांबायचं. त्यात त्याचे केस पिकले. त्याची बायको ओतिलिया त्याला टोमणे मारायची, ते तो मला सांगायचा. “म्हणते, म्हाताऱ्या, प्रत्येक सिनेमात तुझी पाठ दिसते, पण एक गाणं तरी पुरं केलंस का?”

स्वतःच्या लग्नात त्याने तिच्यासाठी एक संथ चाल बसवली होती. ती पडद्यावर अखेरपर्यंत वाजावी आणि थिएटरात शेजारी बसून ओतिलियाने ऐकावी, एवढंच त्याला हवं होतं. घाईही होती. तिचे कान उतरणीला लागले होते आणि ते सुधारणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि एकदा योग आला. दिग्दर्शक पेटिबोनसाहेबांना नवं काही करायची लहर आली. “या वेळी नायक आत आला तरी पियानो चालूच राहील,” ते म्हणाले. “युसेबियो, तुझं काय ते पुरतं वाजव.”

मला तर आनंदाने तारा तुटतील असं झालं. युसेबियोने चाल सुरू केली. दार करकरलं आणि त्याचे हात आपसूक वर उचलले गेले.

“माफ करा साहेब. सवय हो!”

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याने कानात कापूस कोंबला, डोळे घट्ट मिटले आणि वाजवत राहिला. दार उघडलं, माना वळल्या, पण आम्ही थांबलो नाही! मी अंगात आल्यासारखा गात होतो. तर नायकाचं काम करणारा व्हर्न टॅलमन टेबलापाशी तोंड उघडं टाकून उभा.

“अरे, बोल की!” पेटिबोनसाहेब ओरडले.

“कसा बोलू? पियानो थांबला की बोलायचं, एवढंच मला ठाऊक. हा थांबतच नाहीये!”

पेटिबोनसाहेबांनी कपाळ पुसलं. “मरू दे. नेहमीसारखंच करा.”

असा राग आला म्हणून सांगू! पण मी चडफडून काय होणार?

जेवणाच्या सुट्टीत ओतिलिया मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तामालेंचा डबा घेऊन आली. गुत्त्यात आम्ही दोघंच होतो. युसेबियो मान खाली घालून तीच चाल वाजवत होता. ती दार ढकलून आत शिरली आणि त्याचे हात थांबले.

“मी काय पिस्तूल रोखून आलेय?” ती म्हणाली. “वाजव. मी ऐकायला आलेय.”

त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. ती अगदी जवळ येऊन बसली. “आणखी जोरात, म्हाताऱ्या, आणखी!” त्याने जीव तोडून वाजवलं. चाल उतरणीला लागली, शेवट आता येणारच होता, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, “सुट्टी संपली! सगळे आपापल्या जागेवर!” आणि माणसं दारातून धडाधड आत घुसली.

युसेबियोने माझं झाकण खाडकन आपटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

पुढच्या सिनेमाचं काम सुरू झालं तेव्हा तो मला हळूच म्हणाला, “आता तिला काही ऐकू येत नाही रे. मी वाजवलं की माझ्या बोटांकडे बघून हसते.” मग दार उघडलं आणि रीतीप्रमाणे आम्ही गप्प झालो.

आता काउबॉयचे सिनेमे कुणालाच नकोत. गाव ओस पडलंय, माझ्या अंगात वाळू शिरलीय, निम्म्या पट्ट्या बसल्यात. तुम्ही इकडे आलातच, तर मागच्या बाजूने या. तिकडे भिंत बांधलेलीच नाही, म्हणजे दाराची भीती नाही. कुठलंही एक गाणं वाजवा. बेसूर निघेल, निघू दे. मध्येच कुणी हाक मारली तर ओ देऊ नका. आधी ते संपवा.