उजवीकडची सीट

लिस्बनच्या विमानतळाबाहेर भाड्याची गाडी उभी होती. सवयीने क्लारा डाव्या बाजूला गेली आणि तिचा मुलगा नेव्हिल उजव्या. दोघांनी एकदमच दारं उघडली. क्लारासमोर स्टिअरिंग होतं. नेव्हिलसमोर नव्हतं.

गाडीच्या टपावरून मायलेकांनी एकमेकांकडे बघितलं.

"चालवतेस का, मम्मी?"

"चालवते. तू मागे बसून रोझरी म्हण."

हसून झालं. नेव्हिल वळसा घालून डावीकडे आला. क्लारा उजवीकडे गेली. पुढच्या सीटकडे बघत जरा उभी राहिली, दार लावलं आणि मागे जाऊन बसली.

"पुढे बस ना. मी काय टॅक्सीवाला आहे?"

"ती मार्कसची बाजू," ती म्हणाली. मग लगेच, "इथे पाय लांब करता येतात."

टक

मुंबईला वाकोल्यात आमच्या दारापर्यंत गाडी जाते, असं गावठाणात एकटा क्लाराचा नवरा मार्कस म्हणायचा. गल्लीत एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला गटार आणि शेजारच्या फ्रेडाच्या घराची पुढे आलेली पायरी. उजवीकडचं मार्कस बघायचा, डावीकडचं क्लारा. काच खाली, मान बाहेर, हात दारावर, किती फट उरली ते मुठीने-बोटांनी मोजत.

"मूठ आहे. मूठ आहे. चार बोटं. मार्कस, दोन बोटं!"

आणि दारावर बोटांनी टक. एक टक म्हणजे थांब. दोन टक म्हणजे निघ. बसच्या घंटीसारखं.

गाडी सुटली की तो म्हणायचा, "थँक यू, कंडक्टर."

ती म्हणायची, "सुटे द्या."

छोटा नेव्हिल मागच्या सीटवर हे रोज ऐकायचा. रोज तेच. रोज दोघं हसायचे. त्याला वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप असं करतात.

टक टक

इथे पोर्तुगालला, फातिमाच्या माउलीच्या तीर्थाला जायचं दोघांचं ठरलं होतं, मार्कस रिटायर झाल्यावर. गाडी मीच चालवणार, तो म्हणायचा, तिथे बस-बिस नको. रिटायर झाला, आणि त्याच वर्षी गेला. म्हणून आता नेव्हिल.

घरची गाडीही आता नेव्हिलच चालवतो. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला मार्कसचा टॉवेल अजून आहे. नेव्हिल त्याला टेकून बसतो, क्लाराला त्याचं काही नाही. चालवायला कोणी बसलं तर चालतं. पण एकदा गाडी धुताना फ्रेडाचा नातू तिथे नुसताच बसला, तर तिने त्याला हाताला धरून उतरवलं होतं. नुसतं बसलं की मार्कसची जागा रिकामी झाली, असं तिला वाटायचं.

आणि इथे उजवीकडे चालवायला काहीच नव्हतं. इथे नुसतंच बसायचं होतं.

हे नेव्हिलला कळलं ते हायवेवर, मागे बघायच्या आरशातून. क्लारा समोरच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, जसा पुढच्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात.

दोन दिवस आहेत, त्याने मनाशी म्हटलं. आणायचं तिला पुढे.

टक

गाडी सारखी उजवीकडे सरकत होती. आजवर नेव्हिलच्या उजवीकडे दार आणि त्याचं स्वतःचं कोपर, एवढंच असायचं. आता तिकडे अख्खी गाडी होती. पेट्रोल पंपावर खांबाला आरसा घासला.

"पप्पा असता तर दोन शिव्या दिल्या असत्या," नेव्हिल म्हणाला.

"तुला नाही. खांबाला."

पुढे रस्ता खोदलेला होता. मोबाईलने दुसरी वाट दाखवली. ती डोंगर चढली, एका दगडी गावात शिरली आणि बारीक होत गेली. आधी दोन गाड्यांची. मग एकीची. मग

टक

नेव्हिलने ब्रेक दाबला. दोन्हीकडे भिंती. मागे एक टेम्पो येऊन थांबला, त्याच्या मागे आणखी एक गाडी. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, त्यामुळे जास्तच घाम फुटला.

"वाट लागली. मम्मी, उजवीकडे किती आहे?"

"मला इथून काय दिसणार? मध्ये सीट आहे."

"उतरून बघ."

तिने दार उघडलं. ते वीतभर उघडलं आणि भिंतीला टेकलं. दुसरं तेवढंही नाही.

"मधूनच यावं लागेल तुला," नेव्हिल म्हणाला.

"कुठे?"

कुठे ते दोघांना माहीत होतं. क्लाराने त्या सीटकडे बघितलं. टेम्पोवाला खाली मान घालून सिगरेट पेटवत होता, जणू त्याला दिवसभर काही काम नाही.

"गुडघे आहेत का माझे असे?"

"हात दे."

"ड्रेस अडकला. थांब. थांब रे!"

"हँडब्रेकवर पाय नको, मम्मी."

"मग कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

आधी एक चप्पल आली. मग एक गुडघा, मग बाकीची क्लारा, आणि ती धपकन उजवीकडच्या सीटवर पडली.

पडली तशीच राहिली. दोन्ही हात मांडीच्या वर उचलून धरलेले, सीटला लागू नयेत असे. नेव्हिलला वाटलं, आता ही रडणार. त्याने गाडी तशीच धरून ठेवली. रडू दे, त्याला वाटलं, टेम्पो थांबेल.

तिने सवयीने डावीकडे मान काढली. तिथे नेव्हिलचा कान होता.

"अरेच्चा," ती म्हणाली.

मग उजवीकडे वळली. काच खाली केली, आरसा आत दुमडला, मान खिडकीच्या कडेपर्यंत नेली. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये हात घातला.

"चार बोटं आहेत. ये."

टक टक

"ये. ये. मूठ आहे, घाबरू नको. ये. स्टिअरिंग सरळ ठेव, मार्कस. ये. दोन बोटं."

टक

"जरा तुझ्या बाजूला घे. बस. आता ये."

टक टक

नेव्हिलने तिला दुरुस्त केलं नाही. तो फक्त ऐकत होता, लहानपणी मागच्या सीटवर ऐकायचा तसा, आणि तिचा हात सांगेल तेवढीच गाडी पुढे नेत होता.

गल्ली संपली. समोर छोटा चौक, पाण्याचा नळ, उन्हात झोपलेलं कुत्रं. नेव्हिलने गाडी कडेला घेतली. टेम्पो पुढे निघून गेला, हात करून.

काय म्हणायचं ते नेव्हिलला पाठ होतं. पण ते पप्पाचं होतं. तो समोर बघत राहिला.

क्लाराही समोर बघत होती. तिच्या बोटांच्या पेरांना चुन्याची पांढरी पूड लागली होती. तिने ती ड्रेसला पुसली, आणि मग ते हात सीटवर ठेवले, दोन्ही बाजूंना, सावकाश.

"सुटे दे," ती म्हणाली.

नेव्हिलला हसू आलं आणि लगेच डोळे पुसावे लागले. तो इंजिन बंद करायला गेला.

"मागे बसायचं असेल तर आता दार उघडेल, मम्मी."

क्लाराने बेल्ट ओढला. तो चुकीच्या खांद्यावरून येत होता. दोनदा शोधावा लागला, मग लागला.

"माझी पर्स मागे राहिली," ती म्हणाली. "तेवढी दे."

त्याने हात मागे करून पर्स काढून दिली. तिने ती मांडीवर घेतली, आरसा उघडून सरळ केला, आणि हात काचेबाहेर काढला.

टक टक