गव्हाच्या कोठीमागचा राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर हाय, देवळाली प्रवऱ्यातल्या मच्छिंद्रदादांच्या घरातला. रंग पिवळा पडलाय, एक अँटेना मोडून चिकटपट्टीवर उभी हाय. शाळा शिकलो न्हाई, पन एकाच वायरीचं नेट या घरातल्या दोन कंप्यूटरला सात वरीस वाटून दिलं. दसऱ्याला इळ्या-कोयत्यासंगं मलाबी हळद-कुंकू लावत्यात. आनखी काय पायजे?

यंदा गहू चांगला झाला. दादांनी पत्र्याची नवी कोठी आनली, काठोकाठ भरली अन् नेमकी माझ्यापुढं ठिवली, मला धूळ लागू नये म्हनून. माया हुती वो त्यात. पन पत्र्यातून अन् गव्हातून माझं नेट पल्याड जाईना. पुढच्या खोलीत चालू, मागच्या खोलीत बंद.

अन् मागच्याच कंप्यूटरला कॅमेरा. त्याच्यावर अकरा वाजता दादांच्या पोरीची, निकिताची, मुलाखत हुती. नगरजवळच्या नागापूरच्या कंपनीतल्या लॅबसाठी. वरीसभर वाट बघितली हुती तिनं.

साडेधाला बघती तर नेट न्हाई. तिनं मला बंद केलं, चालू केलं, पासवर्ड पुन्यांदा टाकला. दादांनी दोन टपल्या हानल्या. म्हनले, "म्हातारं झालंय हे. उकिरड्यावर टाका." लागलं मला. पोरीचे डोळे भरलेले बघून त्याहून जास्त लागलं.

दादांची आई बनुबाई आतून बोलली, "त्याला कशाला मारतो? कोठी आली त्या दिसापास्नं माझ्या मोबाईलवरचं कीर्तनबी बंद हाय. मी बोलले का?"

"मग बोलायचं ना, आये."

"कोठी तुझ्या लाडाची. कोन बोलनार?"

भरलेली कोठी हलती व्हय? दादांनी मलाच उचललं. वायर मधल्या दारापतुर पुरली. तिथं ना फळी, ना खिळा. मग दादाच चौकटीत उभं ऱ्हायले, दोन्ही हातांनी मला डोक्यावर धरून. माझे दिवे हिरवे झाले. आत पोरगी बोलत हुती, चाळीस मिनटं. दादांचे हात भरून आले, तरी मला खाली घेतलं न्हाई.

त्याच सांजच्याला चौकटीवर माझ्यासाठी फळी ठोकली. कंपनीचा फोन चार दिसांनी आला. निकिता आता नोकरीला जाती.

मित्रांनो, जुनं यंत्र गप पडलं तर हात उगारायच्या आदी त्याच्या वाटंत काय ठिवलंय तेवढं बघा. माझी तक्रार न्हाई. चाळीस मिनटं मानसानं डोक्यावर धरलेला राउटर अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसंल.