सात लाख अडतीस हजार दोनशे चोपन्न

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. अंकांत मला ७३८२५४ असे लिहितात. मला कोणी घडवले नाही. दोन, अकरा, तेवीस आणि एक हजार चारशे एकोणसाठ यांचा गुणाकार म्हणजे मी. कागदावर येण्याआधीही मी तशीच होते.

१९७३ च्या श्रावणात सोलापुरातल्या एका छातीच्या दवाखान्याने मला कामाला लावले. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे चार एक्स-रेच्या क्रमाचे. मी चंद्रव्वाच्या वाट्याला आले. ती मूळची वळसंगची. गिरणीत सूत गुंडाळायची आणि दोन महिने खोकत होती. तिच्या फोटोत डाव्या फुप्फुसावर क्षयाचा डाग होता. फोटोच्या कोपऱ्यात तिच्या नावाखाली आणि तिला दिलेल्या चिठ्ठीवर मला लिहिले आणि फोटो कपाटात गेला.

आठ दिवसांनी ती बहिणीला, दानम्माला, घेऊन निकालासाठी आली. खिडकीत सोमलिंग नावाचा कारकून होता.

"नंबर वाचा, आक्का."

"तूच वाच की रं. मला वाचता आलं असतं तर तुज्या खुर्चीत बसले नसते व्हय?"

रांग हसली. सोमलिंगही हसला, आणि तिच्या चिठ्ठीवरून मला वहीत उतरवताना त्याच्या हातून दोन आणि पाच यांची अदलाबदल झाली. लिहिले गेले ७३८५२४.

तो निष्काळजी नव्हता. प्रत्येक क्रमांक तो नवाच्या ताळ्याने तपासायचा. माझ्या अंकांची बेरीज एकोणतीस. दोन आणि नऊ अकरा. एक आणि एक दोन. वहीतल्या क्रमांकाचेही दोनच आले.

"ताळा जुळला. आमच्याकडं चूक हुत न्हाय," तो म्हणाला.

पण अंकांनी जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते. आम्हा दोघींतला फरक दोनशे सत्तर. त्याला नऊने पूर्ण भाग जातो. ही चूक त्या ताळ्याला दिसतच नाही. एक आड एक अंक मिळवले, तर माझ्यात वीस आणि नऊ येतात, फरक अकरा. वहीतल्या क्रमांकात सतरा आणि बारा, फरक पाच. तेवढ्याने कळले असते.

वहीतल्या त्या क्रमांकाने कपाटातून जगदेवी नावाच्या दुसऱ्या बाईचा स्वच्छ फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही. कापसाची धूळ आहे."

"बघ," चंद्रव्वा बहिणीला म्हणाली, "उगं घाबरवत हुतीस मला!" ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपल्यावर दानम्माने तिला पाठुंगळी आणले. पदरावर रक्त होते. डॉक्टरांनी जुना फोटो मागवला, चिठ्ठीवरचा क्रमांक स्वतः वाचला आणि तेव्हा पहिल्यांदा माझा फोटो उजेडासमोर धरला गेला.

"ताळा जुळला हुता, साहेब," सोमलिंग म्हणाला.

इंजेक्शने सुरू झाली. पण पाच महिने वाया गेले होते. फाल्गुनात चंद्रव्वा वारली. दानम्मा कागद परत द्यायला आली.

"मशीन चुकलं का, भाऊ?"

"न्हाय. मशीन बरोबर हुतं."

"मग?"

सोमलिंगने वही उघडली आणि चुकीचा क्रमांक खोडून तिथे मला लिहिले. मग चंद्रव्वा वारली म्हणून माझ्यावर लाल रेघ ओढली. त्यानंतर मी त्या दवाखान्यात कोणाच्याच कामाला आले नाही.

मित्रांनो, कोणाचा क्रमांक उतरवून घ्याल तेव्हा एकेक अंक बोट ठेवून वाचा. मग ज्याचा तो आहे, त्याला नाव विचारा आणि फोटोवरचे नाव पाहा. त्या दिवशी चंद्रव्वा खिडकीपाशीच उभी होती. तिला नाव कोणी विचारले नाही.